टायगरसाठी कालवलेला माल

बाभुळगाव तालुक्यात माल कालवावा तं मीच. तीस वर्षांत माया हातच्या सिमेंट-रेतीले कोणी नाव ठेवलं नाही. कुत्र्यानं ठेवलं.

कुत्रा घरचाच. नाव टायगर. आमच्या जिल्ह्यात खरे वाघ हायत, त्यायच्या कानावर हे नाव गेलं तं ते तहसीलमध्ये अर्ज देतीन. रंग तांबडा, एक कान उभा, एक पडेल, अन् कुठं फटाका वाजला का सरळ माया खाटेखाली. (मी त्याच्या आंधी पोचलो असलो तं मंग आमी दोघं खाटेखाली.)

त्याले आणलं पल्लवीनं, माया पोरीनं. शाळेतून येतांनी दप्तरात घालून आणला, तवा मुठीएवढा होता. पुढं पल्लवी यवतमाळले नर्सिंगले गेली, तिथंच होस्टेलवर राहे. जातांनी मले म्हणे, "बाबा, तुमाले बाकी काही करा लागत नाही. फक्त टायगरले तिखट देऊ नका."

मी बाकी काहीच केलं नाही. फक्त तेच केलं.

त्याचं असं झालं, सकाळी कामावर जाच्या आंधी मी चौकातल्या गाडीवर तर्री-पोहे खातो, पोह्यावर लाल तिखट रस्सा. टायगर मांगं मांगं येते. एक दिवस मी त्याच्यापुढं चार पोहे टाकले. त्यानं हुंगले अन् गाडीवाल्याकडं पाह्यलं. गाडीवाला म्हणे, "मिस्त्री, त्याले कोरडे नाही चालत. तर्री मागून राह्यला तो." मी म्हटलं, घे बाप्पा. दुसऱ्या दिवसापासून टायगर माया आंधी गाडीवर हजर.

मंग घरीबी तेच सोंग. माई बायको शोभा दूध-पोळी कुस्करून दे, अन् हा तिकडं पाठ करून बसे, लग्नात रुसलेल्या जवायासारखा. (मी सोता रुसून बसलेलो हावो, म्हणून मले ते बसणं वळखू येते.) शोभा आत गेली का मी त्याच्यावर रश्श्याचा एक चमचा फिरवो. वाटी घासाले ठेवाचं कामच नाही, अशी साफ. सहा महिने हे चाललं. शोभाले वाटे तिच्या हाताले चव आली.

मंग टायगरच्या पाठीवरचे केस गेले. ओल आल्यावर भितीचं प्लास्टर पडते ना, तसं पापुद्र्या-पापुद्र्यानं. दिवसभर खाजवे. नाही तं मी नवीनच रंगवलेल्या भितीले पाठ घासे, म्हणजे त्याचे केस भितीले अन् भितीचा रंग त्याले.

एवढ्यात पल्लवीचा व्हिडिओ कॉल.

"बाबा, टायगर दाखवा."

मी मोबाईल त्याच्या नाकापाशी नेला. नाक चांगलंच होतं.

"पूर्ण दाखवा ना."

शोभानं पटकन त्याच्या पाठीवर टावेल टाकला.

"टावेल कायले टाकला?"

"थंडी वाजून राह्यली त्याले," मी म्हटलं.

मे महिना. यवतमाळ जिल्हा. कूलरसुद्धा गरम हवा फेकून राह्यलता. पल्लवी तिकडं काही बोलली नाही, अन् आमची पोरगी बोलली नाही का समजा तिनं लिहून घेतलं.

"आठ दिवसांनी पेपर संपते माया," ती म्हणे. "मी येऊन पाहीन. टायगर खाजवतांनी दिसला, नाही तं बिना तर्रीचं खात नसला, तं मी त्याले उमरखेडले मामाच्या वावरात पाठवून देईन. मी मामाले सांगून ठेवतो आताच."

तर्रीचं तिले कोणं सांगतलं, मले आजपर्यंत समजलं नाही. संशय गाडीवाल्यावर हाय.

उमरखेडचा मामा म्हणजे शोभाचे मोठे भाऊ, भास्करभाऊ. त्यायच्या वावरात रानडुकरं येतात, म्हणून त्यायचा टायगरवर दोन वर्षांपासून डोळा. फोन बंद झाला तसा टायगर टावेलासगट माया पायावर येऊन बसला. मी कोणाले सांगतलं नाही, पण मले धसका बसला. घरात माई गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच हाय. शोभा अर्ध्यात उठून जाते.

दुसऱ्या दिवशी जनावराच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण, गरीब स्वभावाचे. त्यायनं टायगरची पाठ पाह्यली, मंग माया तोंडाकडं पाह्यलं.

"काय खाते हा?"

"साधंच, साहेब."

टायगरनं तवाच ढेकर देल्ला. डॉक्टरनं खिडकी उघडली.

"तिखट-तेल आजपासून बंद," ते म्हणे. "हे पाकिटातलं दाणेदार खाणं चालू करा. पण एकदम नका देऊ, पोट बिघडन. पह्यले तीन भाग जुनं खाणं, साधी भाकर-भात, अन् एक भाग हे नवीन. दोन दिवसांनी अर्धं अर्धं. मंग एक भाग जुनं अन् तीन भाग नवीन. मंग पूर्ण नवीन."

मले हसूच आलं. "साहेब, तुमी मले एकास तीन समजावता? तीस वर्षांपासून मी तेच करून राह्यलो."

"हो का? कुत्रे पाळता?"

"नाही. गवंडी हावो."

ते पुढं बी काही सांगत होते, पण मी उठलो. ज्याले माल कालवता येते त्याले काय सांगा लागते?

घरी आल्यावर शोभानं पाकीट फोडलं अन् सगळे दाणे स्टीलच्या डब्यात भरले. चिवड्याचा डबा. मी म्हटलं, त्यात काहून? म्हणे, मुंग्या लागतात. आमच्या घरी कोणतीच वस्तू ज्या पाकिटात येते त्या पाकिटात राहत नाही. साखर चहाच्या डब्यात, चहा बोर्नव्हिट्याच्या डब्यात, अन् बोर्नव्हिटा आमी कधी आणलाच नाही.

मी भाकर चुरली, तीन वाट्या. वरून एक वाटी दाणे. हातानं खालीवर केलं, मधात आळं केलं, कोमट पाणी सोडलं, कडेकडेनं माल आत ओढला. एकास तीन, बराबर. टायगरपुढं ठेवला अन् बाजूले उभा राह्यलो, घरमालक पह्यली वीट पाहाले येते तसा.

टायगर खाली बसला. जिभेनं एकेक दाणा बाजूले केला अन् मधातली भाकर खाल्ली. आपण रेती चाळतो अन् खडे वर राहतात ना, अगदी तसं. सगळे दाणे चाटून पुसून वाटीच्या काठानं लायनीत लावले. एक दाणा कमी भरला म्हणून मले आनंद झाला. तो माया चपलीत निघाला.

"चाळणी मारली त्यानं तुमच्या मालाले," शोभा म्हणे.

मी म्हटलं, माल एकजीव झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी दाणे शोभाच्या मिक्सरमध्ये टाकून पीठ केलं. (शोभा तवा बाजारात गेलती. मिक्सरचा विषय आमच्या घरी अजून बंद झाला नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.) त्यात भाकर, भात, पाणी टाकून घट्ट कालवलं. वाटीत भरलं. आता हाताची सवय कुठं जाते? थापीनं दाबलं, वरून पट्टी मारली, गुळगुळीत केलं. असं काम झालं का मीच दोन मिनटं पाहत राह्यलो. मंग थोडं भिजू द्यावं म्हणून वाटी अंगणात ठेवली अन् कामावर गेलो.

मे महिन्याचं ऊन.

दुपारी आलो तं वाटीत सिमेंटच्या जमिनीसारखा कोबा. बोटानं वाजवला तं टनटन वाजे. टायगर आला, त्यानं हुंगलं, चारी बाजूनं फिरून पाह्यलं, अन् मंग पाय वर केला.

लोकायच्या घरी मी घसा फोडून सांगतो, बाबा हो, कोब्याले पाणी मारा, नाही तं तडकन. कोणी ऐकत नाही. यानं न सांगता मारलं.

"एवढी इज्जत तुमच्या कामाले कोणी देल्ली नव्हती," शोभा दारातून म्हणे.

तिसऱ्या दिवशी टायगरनं उपास धरला. साधी भाकर बी नको. पाण्याकडं पाहे अन् उसासा टाके. माया बी जेवणात जीव लागे ना. (दोनच भाकरी गेल्या.) चार-पाच दिवस राह्यले होते, अन् कुत्रा वाळत चालला होता. शोभा त्याच्याजवळ बसली अन् मले म्हणे, "तो आपल्या ताटाकडं पाह्यते, पाह्यलं का? आपण जे खातो तेच त्याले पाहिजे. तुमी ते दाणे खाऊन दाखवा."

"मी?"

"मंग काय मी? तर्री कोणं चारली?"

म्हणजे तिलेबी माहीत होतं. त्या घरात एकट्या मलेच वाटे का कोणाले माहीत नाही.

मंग चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर दाण्याचं ताट घेऊन बसलो. बाजूले डबा. समोर टायगर अन् त्याची वाटी, त्यात तीन भाग भाकर-भात अन् एक भाग दाणे. मी एक दाणा उचलला अन् खाल्ल्यासारखं केलं. टायगर माया जबड्याकडं पाहे. कुत्र्याले फसवता येत नाही, बायकोसारखं असते ते. मी खरंच चावला. चव सांगू का? पुठ्ठ्याचा डबा पावसात भिजला अन् मंग त्यानं मटणाचा विचार केला, तशी. दुसरा खाल्ला. तिसरा काही जाई ना. म्हणून मी आतून कांदा कापून आणला, वरून कच्चं तेल, तिखट, मीठ. आता बरं लागलं. खरं सांगतो, बरंच बरं लागलं. टायगर माया ताटाकडं पाहे अन् मी त्याच्या वाटीकडं बोट दाखवो, असा आमचा वाद चालू असतांनी फाटक वाजलं.

भास्करभाऊ. हातात पिशवी, पिशवीतून साखळी बाहेर लोंबून राह्यलती.

"पल्लवी येईपर्यंत थांबतो अन् तिच्यादेखत नेतो," ते म्हणे. "कसे काय, जवाई? जेवून राह्यले का?"

आता आपल्याकडं खाता खाता कोणी आलं तं काय म्हणतात? तोंडातून आपोआप निघते. मी म्हटलं, "या, बसा जेवाले."

याच्यावर समोरचा म्हणते, "नाही नाही, तुमचं चालू द्या." पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलं. पण भास्करभाऊ पहाटेच्या एसटीनं उपाशी निघालते. ते बसले. त्यायनं माया ताटातून मूठ भरली अन् तोंडात टाकली.

मी काही बोलाच्या आत दुसरी मूठ.

"करकरीत हाय," ते म्हणे. "कुठचा हाय चिवडा?"

"यवतमाळचा," मी म्हटलं. पाकिटावर यवतमाळच्या दुकानाचा शिक्का होता, म्हणजे ते काही खोटं नव्हतं.

"तिखट भल्लं टाकलं पण. मले अॅसिडिटी हाय." अन् त्यायनं बाजूच्या डब्यात हात घातला.

तेवढ्यात शोभा पाणी घेऊन बाहेर आली. तिनं डबा पाह्यला, भावाचा हात पाह्यला, मले पाह्यलं. मी आभाळ पाह्यलं.

"भाऊ, तो नको खाऊ," ती म्हणे. "जुना हाय तो."

"जुना असून एवढा करकरीत?"

अन् तवा टायगर उठला. त्याच्या डब्यात परका माणूस हात घालून राह्यला हे त्याले पाहवलं नाही. भास्करभाऊकडं पाहून गुरगुरला, वाटीत तोंड घातलं अन् दाण्यासगट सगळं खाल्लं. एकही दाणा बाजूले केला नाही. एक डोळा वाटीत, एक भास्करभाऊच्या मुठीवर.

मी शोभाकडं पाह्यलं. शोभानं मले आत बलावलं.

"सांगून टाका त्याले."

"तू सांग. भाऊ तुया हाय."

"डबा कोणं ठेवला ओट्यावर?"

"चिवड्याच्या डब्यात कोणं भरलं?"

बाहेरून टायगरचा वाटी चाटाचा आवाज येऊन राह्यलता. तीन दिवसानंतरचा आवाज.  शोभानं पदर खोचला अन् म्हणे, "कमीत कमी त्याच्यात खरा चिवडा तं मिसळा. माया सख्खा भाऊ हाय तो."

म्हणून दुपारी मी भास्करभाऊसाठी ताट केलं. तीन भाग पोह्याचा चिवडा, एक भाग दाणे. टायगरसाठी तीन भाग भाकर, एक भाग दाणे. दोघायले आमनेसामने बसवलं. भास्करभाऊ एक मूठ मारत, टायगर एक घास मारे. भास्करभाऊ थांबले का टायगरबी थांबे. मंग शोभा म्हणे, "आणखी घे ना भाऊ, तू काहीच खाल्लं नाही." आमच्याकडं पाहुण्याले आग्रह असतेच, पण एवढा पोटतिडकीचा आग्रह मी माया लग्नात बी पाह्यला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भास्करभाऊच म्हणे, "जवाई, आज ते गोल गोल दाणे जास्त टाका. त्यालेच चव हाय."

अर्धं अर्धं केलं. टायगरचंबी अर्धं अर्धं. दिवस कमी होते, म्हणून दोन दिवसाचं काम एका दिवसात उरकलं, ठेक्याचं काम करतो तसं. तिसऱ्या दिवशी एक भाग चिवडा, तीन भाग दाणे. चौथ्या दिवशी भास्करभाऊनं पोहे वेचून बाजूले ठेवले. प्रमाण डॉक्टरनं जसं सांगतलं तसंच्या तसं पाळलं, फक्त दोघाजणांवर. पोट कोणाचंच बिघडलं नाही. टायगरची खाज निम्म्यावर आली. भास्करभाऊ म्हणे, "इकडचं पाणी चांगलं हाय. चार दिवसात एक ढेकर नाही आला करपट."

मले रोज वाटे, आज सांगू. पण साखळी खुंटीले टांगलेली दिसे, अन् मी आणखी एक मूठ वाढो.

त्याच दिवशी दुपारी पल्लवी आली. टायगर असा उडाला का तिची बॅग एकीकडं अन् ती एकीकडं. तिनं त्याची पाठ पाह्यली. "बाबा," ती म्हणे. नुसतं तेवढंच. मी म्हटलं, "सुधरून राह्यला. तू पाह्य त्याले खातांनी." मी वाटीत पूर्ण नवीन दाणे टाकले, भाकरीचा चुरा नाही, भात नाही, तर्रीचा थेंब नाही. टायगरनं सवयीनं ओट्याकडं पाह्यलं. ओट्यावर भास्करभाऊ ताट घेऊन बसलेच होते. त्यायनं मूठ मारली, टायगरनं घास मारला.

पल्लवीच्या डोळ्यात पाणी आलं. "खाऊन राह्यला व आई," ती म्हणे. मले इतकं बरं वाटलं का मी नाक शिंकरलं. मंग तिची नजर सरकत सरकत मामाच्या ताटावर गेली.

"मामा, तुमी हे काहून खाऊन राह्यले?"

"चिवडा हाय. तुया बापानं यवतमाळहून आणला."

पल्लवी आत गेली. शोभाले रिकामं पाकीट फेकाची सवय नाही, ते घडी करून गादीखाली ठेवलं होतं. पल्लवीनं ते आणून मामाच्या हातात देल्लं. त्याच्यावर एका कुत्र्याचा फोटो, दोन्ही कान उभे.

भास्करभाऊनं फोटो पाह्यला. मंग टायगर पाह्यला. मंग मले.

"चार दिवस, जवाई?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "पह्यल्या दिवशी तं एकास तीनच होता."

 भास्करभाऊच्या मुठीत थोडे दाणे होते. ते त्यायच्याकडं पाहत बसले. मंग त्यायनं ते तोंडात टाकले.

"आता कायले टाकून द्या," ते म्हणे.

शोभा पदरात तोंड घालून आत पळाली. ती हसून राह्यलती का रडून, ते मी विचारलं नाही; दोन्हीत मलेच मार होता.

पल्लवीनं ओट्यावर बसून निकाल देल्ला. "टायगर इथंच राहीन. आईच्या हातचं खाईन, बाबानं त्याच्या वाटीले हात लावाचा नाही." मी मान हलवली. टायगर माया पायावर येऊन बसला, अन् मले वाटलं, चला, सुटलो. पण पोरीचं संपलं नव्हतं. "अन् मामा, तुमाले वावरात राखणीले कोणी पाहिजेच असन, तं ती साखळी आणलीच हाय. बाबाले घेऊन जा."

भास्करभाऊनं हात झटकले, मले वरून खालपर्यंत एकदा पाह्यलं, अन् म्हणे, "नाही व माय. मले भुकणारा पाहिजे. हा नुसता बोलते."